कोयता, करवत आणि किरण

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात सूप-टोपल्या मांडून बसलेली बुरड मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. बोलता बोलता हात चालूच असतात. कोयत्याचा एक नेमका घाव, मग पात्याला हलकासा पीळ, आणि बांबू पेरामागून पेर सरळ चिरत जातो. जवळ पट्टी नसते, पेन्सिल नसते; तरी निघालेल्या साऱ्या कामट्या सारख्या रुंदीच्या असतात.

आता दुसरे चित्र पाहा. शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात पातळ प्लायवूडचे कापलेले तुकडे पाकिटात मिळतात. घरी आणून मुलांनी ते एकमेकांत अडकवायचे, की वाघ, बैलगाडी किंवा घड्याळ तयार होते. खिळा नाही, डिंक नाही. या तुकड्यांच्या कडा निरखून पाहिल्या तर त्या तपकिरी, किंचित जळक्या दिसतात. नाकाजवळ नेल्या तर धुराचा वास येतो. हे तुकडे पात्याने कापलेले नसतात. ते प्रकाशाने, म्हणजे लेसर किरणाने कापलेले असतात.

प्रकाशाला अशी धार कधी आली? तिचा आणि शाळेचा संबंध कसा जुळला? आणि ज्या मुलांच्या गावाभोवती बांबूचे रान आहे, पण जवळपास असे यंत्र नाही, त्यांना या इतिहासातून काय घेता येईल? या तीन प्रश्नांचा मागोवा आम्ही या लेखात घेणार आहोत. त्यासाठी तीन वेगवेगळे धागे सोडवावे लागतील: एक आकार कापण्याचा, दुसरा यंत्राला सूचना देण्याचा आणि तिसरा प्रकाशाचा. तिन्ही धागे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारणांसाठी कातले गेले आणि फार उशिरा एकत्र आले.

नकाशा कापणारा कारागीर

पहिला धागा आपल्या कामाच्या, म्हणजे वर्गाच्या, सर्वांत जवळचा आहे. अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा एक नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने छापलेला नकाशा लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीने देशांच्या सीमांवरून कापून काढला. मुलांनी तुकडे जुळवावेत आणि भूगोल शिकावा, हा त्याचा हेतू. आज आपण ज्याला ‘जिगसॉ’ म्हणतो त्या कोड्याचा जन्म असा भूगोलाच्या तासासाठी झाला. चित्रावरून रेघ आखायची, रेघेवरून हत्यार चालवायचे आणि तुकड्यांतून पुन्हा चित्र उभे करायचे, हीच कृती आजच्या लेसर यंत्रावरही केली जाते. बदलले आहे ते हत्यार.

हाताने वस्तू घडवणे हे शिक्षणाचे अंग मानावे, हा विचार पुढच्या शतकात युरोपच्या उत्तरेकडे रुजला. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे १८६६ साली ग्रामीण लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकामाला स्थान मिळाले. स्वीडनमध्ये नेस या गावी ऑटो सालोमोन यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांसाठी हस्तकामाचे प्रशिक्षण सुरू केले. त्यांच्या पद्धतीत सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जाणारी एक क्रमवार मालिका असे, आणि मुलाच्या हातात सर्वांत आधी सुरी दिली जाई. सुरीने सरळ कापता आल्यावरच पुढची हत्यारे.

आपल्याकडे हा विचार अगदी शेजारच्या जिल्ह्यात मांडला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला. एखादा उत्पादक उद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याभोवती गणित, भाषा, विज्ञान गुंफावे, अशी ती कल्पना होती. पुढे शाळांमधून तिचे बरेचसे रूप ‘कार्यानुभव’ या एका तासापुरते उरले, हे आपण जाणतोच. पण मूळ प्रश्न उरला आहे. हाताने वस्तू करताना मूल विचार कसा करते? या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ.

यंत्राला सांगायचे कसे?

दुसरा धागा कापडाच्या मागावरून सुरू होतो. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली असा माग सिद्ध केला, की ज्यात नक्षीच्या सूचना पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून दिल्या जात. भोक असेल तेथे सुई आत जाई आणि धागा उचलला जाई. भोक नसेल तेथे धागा खालीच राही. त्याच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण जाकारचा माग टिकला आणि पसरला. कार्डांची माळ बदलली की तोच माग दुसरी नक्षी विणू लागे. नक्षी आता विणकराच्या स्मरणात राहण्याऐवजी पुठ्ठ्यावर ‘लिहिली’ जाऊ लागली होती.

हीच कल्पना कापणाऱ्या यंत्रापर्यंत पोचायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या उद्योगात होते. पात्याचा वक्राकार अचूक कापायचा तर त्यावरील असंख्य बिंदूंची स्थाने मोजावी लागत. ती स्थाने आकड्यांच्या रूपाने थेट यंत्रालाच का देऊ नयेत, असा विचार त्यांनी मांडला. त्यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे काम झाले आणि १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी फितीवरून सूचना घेणारे धातू कापण्याचे यंत्र दाखवण्यात आले. क्ष आणि य अक्षांवरील बिंदू देऊन हत्यार फिरवायचे, म्हणजे आपण नववी-दहावीत शिकवतो ती निर्देशक भूमितीच. आलेखाच्या कागदावर (२, ३) हा बिंदू कशासाठी मांडायचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उत्तर जरूर द्यावे.

बारामतीचा मुलगा आणि अदृश्य किरण

तिसरा धागा प्रकाशाचा. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी केलेल्या सैद्धांतिक विवेचनातून एक गोष्ट पुढे आली. उत्तेजित अवस्थेतील अणूवर योग्य ऊर्जेचा प्रकाशकण येऊन आदळला, तर तो अणू तसाच दुसरा प्रकाशकण बाहेर टाकतो. दोन्ही कणांची दिशा आणि लय एकच. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी ही वाढ घडवून आणता आली तर अत्यंत शिस्तबद्ध आणि तीव्र किरण मिळेल. हे प्रत्यक्षात यायला चार दशके गेली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळवला.

सुरुवातीला या शोधाची थट्टाही झाली. उत्तर सापडले आहे, आता प्रश्न शोधा, असे म्हटले जाई. प्रयोगशाळांतील मंडळी लेसरची ताकद गमतीने दाढीच्या ब्लेडांत मोजत. एका स्पंदात किती ब्लेडांना भोक पडते, तितके ‘जिलेट’! पण माणकाचा लेसर क्षणभर चमकून थांबत असे. सतत कापत राहायचे तर सतत वाहणारा आणि बलवान किरण हवा होता.

तो देणाऱ्या वैज्ञानिकाचा जन्म २ जुलै १९३८ रोजी पुणे जिल्ह्यातील बारामतीचा. त्यांचे नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले, १९६१ साली डॉक्टरेट मिळवून बेल प्रयोगशाळेत रुजू झाले, आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरची माहिती प्रसिद्ध केली. या वायूतून मिळणाऱ्या किरणाची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या साधारण सोळा पट. हा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही.

या लेसरचे काम कसे चालते, हे वरच्या वर्गांना सहज सांगता येईल. नळीत कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन आणि हेलियम असतात. विजेच्या प्रवाहामुळे नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंवर आदळून आपली ऊर्जा त्यांना देतात, कारण दोघांच्या कंपनाच्या ऊर्जा जवळजवळ सारख्या आहेत. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो सहज उंच जातो, त्यातलाच हा प्रकार. मग कार्बन डायऑक्साइडचे रेणू ती ऊर्जा किरणाच्या रूपाने सोडतात, आणि हेलियम त्यांना पुन्हा मूळ अवस्थेत यायला मदत करतो. नायट्रोजनची ही युक्ती पटेल यांचीच. तिच्यामुळे या लेसरची शक्ती झपाट्याने वाढवता आली.

आता कापण्याचे गणित पाहू. समजा किरणाची शक्ती ४० वॅट आहे, म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या दिव्याइतकीच. भिंगाने तो किरण ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला. ठिपक्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ०.०३ चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १२०० वॅटहून अधिक. भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.००१ वॅट ऊर्जा देते. किरणाचा ठिपका त्या उन्हाच्या दहा लाख पटींहून प्रखर झाला! शिवाय लाकूड, कागद, कापड, चामडे हे पदार्थ १०.६ मायक्रोमीटरचा किरण उत्तम शोषून घेतात. ठिपक्याखालचे लाकूड तत्क्षणी वाफ आणि धूर होऊन जाते, शेजारचे तसेच राहते. बहिर्वक्र भिंगाने कागद जाळण्याचा आपला जुना प्रयोग हा या यंत्राचा पूर्वज म्हणता येईल.

कारखान्यांनी या किरणाचा उपयोग लवकरच ओळखला. १९६५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने तार ओढण्याच्या हिऱ्यांच्या साच्यांना भोके पाडायला लेसर वापरला. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॅटच्या कार्बन डायऑक्साइड लेसरला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. किरण, आकड्यांच्या सूचनांवर चालणारी चौकट आणि स्पिल्सबरीची रेघ हे तीन धागे आता एकत्र येण्याच्या बेतात होते.

पाबळ: कारखान्यातून गावात

लेसर यंत्र शाळकरी मुलांच्या आवाक्यात यायला मात्र आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि त्या प्रवासात पुणे जिल्हा पुन्हा एकदा येतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी घर बांधावे, वेल्डिंग करावे, वीज जोडावी, शेती करावी आणि हे करता करता विज्ञान शिकावे, असा तेथला अभ्यासक्रम. त्यातूनच माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा कार्यक्रम उभा राहिला.

इकडे एमआयटीत नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून एक अभ्यासक्रम शिकवत होते. विद्यार्थ्यांनी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने आपल्याला हवी ती वस्तू स्वतः करावी, एवढेच त्यात अपेक्षित होते. त्या अनुभवातून ‘फॅब लॅब’ ही कल्पना निघाली: लेसर कटर, लहान खोदयंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्सची साधने असलेली, सामान्य माणसांना खुली असलेली कार्यशाळा. २००२ साली पाबळला अशी फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. दूध तपासण्याची, डिझेल इंजिन जुळवण्याची उपकरणे तेथेच करून पाहण्याचे प्रयत्न त्या काळात झाले. २००३ साली डॉ. कलबाग गेले, आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

बारामती आणि पाबळ एकाच जिल्ह्यात असणे हा अर्थात योगायोग आहे. पण विद्यार्थ्यांना सांगावा असा योगायोग आहे. लेसर हे ‘तिकडचे’ यंत्र, असे वाटणाऱ्या मुलाला त्यातल्या किरणाचा शोध बारामतीत जन्मलेल्या माणसाने लावला आणि त्यावर काम करणारी शाळासोडू मुले पाबळची होती, हे कळले तर त्याच्या मनातले अंतर थोडे कमी होते.

आमच्या दोन जिल्ह्यांत

आता आपण झाडीपट्टीत परत येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोन्हीकडे साग आहे आणि बांबू आहे. इथला मुख्य बांबू म्हणजे मानवेल, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. तो इतर बांबूंपेक्षा बराच भरीव आणि चिवट असतो. बांबूच्या सालीत सिलिका असते, म्हणून कोयत्याची धार पुन्हा पुन्हा लावावी लागते.

या बांबूचे काय झाले, तो इतिहासही विद्यार्थ्यांना ठाऊक असावा. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद उद्योगाने या जंगलांतील बांबूचा लगदा करून कागद बनवला. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील व्याख्येने बांबूला झाडांत बसवले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या कुळातला. जंगलाकाठच्या माणसाने बांबू तोडून विकणे त्यामुळे अवघड झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले. परवाना देण्याचा अधिकार प्रथमच गावाच्या हाती आला. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळण्यात आला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली.

हा सारा इतिहास लेसरच्या लेखात कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे. कच्चा माल कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मेंढ्याने मोठ्या चिकाटीने मिळवले. पण वस्तूची किंमत कच्च्या मालावर थोडी आणि तिच्या आराखड्यावर पुष्कळ अवलंबून असते. प्लायवूडच्या त्या वाघाच्या पाकिटात लाकूड किती रुपयांचे असेल? उरलेली किंमत ज्याने तुकड्यांचे चित्र काढले त्याच्या विचाराची आहे. आमच्या मुलांनी बांबू विकायला शिकायचे, की आराखडा करायलाही शिकायचे? यंत्र आज ना उद्या येईल. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून देशभरच्या शाळांत नवी यंत्रे येऊ लागली आहेत. यंत्र येईल त्या दिवशी त्याला देण्यासारखे चित्र आमच्या मुलांकडे असेल का, हा खरा प्रश्न आहे. आणि चित्राची तयारी यंत्राशिवाय करता येते.

सत्तावीस तुकड्यांचा नकाशा

म्हणून आम्ही मुलांबरोबर स्पिल्सबरीचाच प्रयोग करून पाहिला. चंद्रपूरचे १५ आणि गडचिरोलीचे १२, असे २७ तालुके. सत्तावीस तुकड्यांचे कोडे. घरी, सुट्टीच्या दिवशी, वह्यांच्या पाठीमागचा असतो तसल्या जाड पुठ्ठ्यावर हे काम होते. लागते काय? पट्टी, कार्बन कागद, कटर, आणि खाली ठेवायला जुना फळीचा तुकडा. कापताना कटर स्वतःपासून दूर सरकवायचा आणि लहान मुलांच्या बाजूला मोठ्या माणसाने बसायचे.

प्रमाण ठरवले २ मिलिमीटरला १ किलोमीटर. दोन्ही जिल्हे मिळून साधारण अर्धा मीटर औरसचौरस पुठ्ठ्यावर मावतात. आमची पहिली खेप पार फसली. मुलांनी चंद्रपूरचा नकाशा एका पुस्तकातून घेतला आणि गडचिरोलीचा दुसऱ्यातून. तुकडे कापून झाले, आणि वैनगंगा जुळेना! सावलीच्या बाजूने काठ वेगळा, गडचिरोलीच्या बाजूने वेगळा. बराच वेळ मुले एकमेकांच्या कापण्याला दोष देत होती. मग एकीने दोन्ही नकाशांखालची प्रमाणरेषा पट्टीने मोजली. दोन नकाशे दोन प्रमाणांचे होते. ‘प्रमाण’ हा धडा आम्ही त्याआधी शिकवला होताच. पण तो त्या दिवशी शिकला गेला.

दुसऱ्या खेपेला नकाशा जुळला. मग तुकडे तराजूत घातले. पुठ्ठा सगळीकडे सारख्याच जाडीचा असेल तर वजनाचे गुणोत्तर हेच क्षेत्रफळाचे गुणोत्तर. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, चंद्रपूर ११,४४३. म्हणजे बाराही तुकडे मिळून पंधरा तुकड्यांच्या सव्वापट भरायला हवेत. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावरही हे दिसते. तालुके कमी पण जिल्हा मोठा, हे मुलांना आकड्यांपेक्षा तळहातावर लवकर पटते.

आता हेच चित्र यंत्राला द्यायचे म्हटले तर? संगणकावर इंकस्केपसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत रेघांचे चित्र काढता येते. शहरांतून पाट्या आणि सन्मानचिन्हे करणाऱ्या काही दुकानांत असे यंत्र असते. तेथे ही फाइल देऊन ३ मिलिमीटर प्लायवूडवर नकाशा कापून घेता येतो. पण त्याआधी मुलांना एक प्रश्न जरूर घालावा. किरण जेथून जातो तेथले लाकूड नाहीसे होते. ती फट ०.२ मिलिमीटर धरली, तर आपल्या प्रमाणात ती किती? उत्तर येते १०० मीटर. प्रत्येक सीमेवरची शंभर मीटर रुंदीची पट्टी धूर होऊन जाते!

ही फट खोबण्या जुळवतानाही मोजावी लागते. ३ मिलिमीटर जाडीच्या फळीसाठी चित्रात ३ मिलिमीटरची खाच काढली, तर दोन्ही कडांना ०.१ मिलिमीटर जाऊन ती ३.२ होते आणि तुकडा डुगडुगतो. घट्ट बसवायचे तर चित्रात खाच २.८ काढायची. बाजारातल्या बुरड बाईला असे गणित हातात मुरलेले असते: ओला बांबू वाळला की किती आकसेल, विणीत किती जागा सोडायची. तिला वर्गात बोलवा आणि मुलांना तिच्या कामट्या मोजायला लावा. कोयत्याचे आणि किरणाचे गणित एकाच फळ्यावर मांडता येईल.

धोक्याच्या गोष्टी

हे काम घरात किंवा शाळेत करताना काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत.

लेसर यंत्रात पीव्हीसी कधीही घालू नये. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही मारक आहे. आपल्या गावांतून जुने फ्लेक्सचे फलक भरपूर पडलेले असतात आणि मुलांना ते फुकटचे साहित्य वाटते. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच. पुष्कळसे रेक्झिनही तसेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. बाजारात निळ्या प्रकाशाची, उघड्या चौकटीची लहान डायोड-लेसर यंत्रे घरगुती म्हणून विकली जातात. त्यांचा किरण डोळ्याच्या भिंगातून थेट दृष्टिपटलावर एकवटतो, आणि झालेली इजा भरून येत नाही. साधा गॉगल येथे चालत नाही. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा आणि यंत्राभोवती बंद पेटी हवी. ही सोय नसेल तर मुलांसमोर असे यंत्र सुरू करू नये. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण दिसत नाही, म्हणून झाकण उघडे ठेवून तोही चालवू नये.

तिसरी गोष्ट आग. चालू यंत्र सोडून कोणीही उठायचे नाही. जवळ अग्निशामक ठेवायचा आणि धूर बाहेर जाईल अशी व्यवस्था करायची. यंत्र मोठ्यांनी चालवायचे, चित्र मुलांनी काढायचे, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते.

पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे

हाताने वस्तू करताना मूल विचार कसा करते, हा प्रश्न आपण मागे ठेवला होता. नकाशाच्या खेळात आम्हाला जे दिसले ते असे. कापण्याआधी मूल थांबते. चुकलेली रेघ पुसता येते, चुकलेला काप पुसता येत नाही, हे त्याला कळलेले असते. त्या थांबण्यात ते मोजते, शेजाऱ्याला विचारते, मनात वस्तू फिरवून पाहते. कटरने कापणाऱ्या मुलाला हे थांबणे भाग पडते. लेसर यंत्र मात्र दिलेले चित्र, बरोबर असो वा चूक, सारख्याच सफाईने कापते. म्हणून ज्याने आधी हाताने कापले आहे, त्याच्याच चित्राचे त्या यंत्राकडून सार्थक होते. नेसच्या शाळेत आधी सुरी देत, त्यामागचे कारणही बहुधा हेच असावे.

येत्या सुट्टीत आपल्या विद्यार्थ्यांबरोबर आपापल्या तालुक्याचा नकाशा गावांच्या शिवांवरून कापून पाहावा. गावे पुष्कळ असतील, तर एका केंद्रशाळेची गावे घ्यावीत. दोन नकाशे घ्याल तेव्हा त्यांची प्रमाणे आधी ताडून पाहा. आमची वैनगंगा तेवढ्यासाठीच अडली होती.